वास आला तर बघू

आमच्याकडे गॅसची सगळी जबाबदारी नाकावर टाकलेली असते. नळी कधी बदलली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘वास आला तर बघू.’ फारच मागे लागलं तर, ‘काही व्हत नही रे भाऊ.’

मीही त्यातलाच. मागच्या उन्हाळ्यात माय काळ्या मसाल्यासाठी मिरच्या आणि खोबरं भाजत होती. गल्लीच्या टोकापर्यंत ठसका. भाजणं आटोपल्यावर झाडायला म्हणून मी सिलिंडर ओढला आणि ओट्यामागची नळी हाताला लागली. वळणावर चिरा, खाली उंदराचे दात, आणि नळीवर छापलेलं साल 2013. साबणाचा फेस लावून पाहिला तर उंदराने कुरतडलेल्या जागी बारीक बुडबुडे. मायला वास आला नव्हता. मिरचीपुढे कुणाला येणार? गॅसला स्वतःचा वास नसतोच, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात. त्या वासालाही नाक थोड्या वेळात सरावतं. सर्दी असेल तर विषयच संपला. आतून तारेची जाळी असलेली केशरी नळी दर 5 वर्षांनी बदलायची असते. शेवभाजीच्या एका पार्टीपेक्षा स्वस्त पडते.

पण नळीचं एक वेळ ठीक, तिथे नाक निदान कामाला तरी येतं. गीझरचं काय?

उन्हाळ्यात 45 अंशांत भाजून निघणारे आपण, पारा दहाच्या खाली गेला की बाथरूमच्या झरोक्यात गोणपाट कोंबतो. धुळ्याला आमच्या जिभाऊंकडे तेच होतं. आत भिंतीला गॅसचा गीझर, दार बंद, झरोका बंद. जानेवारीत एका सकाळी पुतणी अंघोळीला गेली ती बाहेरच येईना. वहिनीने हाका मारल्या, शेवटी कडी तोडली. पोरगी फरशीवर पडलेली. ओसरीवर मोकळ्या हवेत आणल्यावर डोळे उघडले, दवाखान्यात ऑक्सिजन लावला. इकडे घरात चर्चा काय? ‘उपाशीपोटी अंघोळ केली म्हणून चक्कर आली.’ एका काकूंनी तर दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्याही आणल्या. मी बाथरूममध्ये जाऊन वर पाहिलं तर झरोक्यात गोणपाट.

कोंडलेल्या जागेत हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. मर्कॅप्टन ज्योतीतच जळून गेलेलं असतं, म्हणजे नाक इथे शून्य. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पटीने चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग पायांतलं बळ जातं आणि कडीपर्यंत हातच पोहोचत नाही. दिल्लीकडे थंडीत शेगडी पेटवून, खोली बंद करून झोपणाऱ्यांच्या बातम्या आपण हळहळत वाचतो. आपलं बाथरूम त्या खोलीच्या पावपटही नसतं!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गॅसचा गीझर बाथरूमच्या आत नकोच. बाहेर मोकळ्या जागेत लावा, पाइपाने पाणी आत घ्या. ते होईपर्यंत बादली भरा, गीझर बंद करा आणि मग अंघोळ करा. अंगावर गरम धार घेत अर्धा तास गाणी म्हणायची हौस विजेच्या गीझरखाली भागवा.

रात्री गॅसचा वास आलाच तर पहिला हात दिव्याच्या बटणाकडे जातो, तो आवरा. बटण चालू करताना ठिणगी पडते, तशी बंद करतानाही पडते. रेग्युलेटर बंद करून काढा, दोरीला लटकणारी ती टोपी (पोरांनी भोवरा केला नसेल तर) घट्ट बसवा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन 1906 या गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला फोन लावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडायलाच हवं. पुण्याच्या भाच्याकडे नळाचा गॅस आहे, तो हलका, वर छताकडे जातो. त्याचे हिशेब वेगळे.

जिभाऊंनी गीझर आता मागच्या अंगणात भिंतीवर लावलाय. लावताना आठ दिवस कुरकुरले, ‘पाणी येईस्तोवर थंड व्हस.’ झरोका मोकळा आहे. गोणपाट मांजरीच्या पिल्लांखाली गेलं.