चुंबकीय नकाशा हा जमिनीचा एक्स-रे नव्हे

‘विमानातून चुंबकीय सर्वेक्षण केले की जमिनीखालचा खडक एक्स-रेसारखा दिसतो, नकाशात लाल तिथे लोखंड, निळे तिथे काहीच नाही, खोलीही त्यातच कळते, मग ड्रिलिंगवर खर्च कशाला?’ असा दावा सर्रास पुढे पाठवला जातो. गाळाचे खडक बहुधा जवळजवळ अचुंबकीय असल्याने त्यांच्याखाली दडलेल्या कठीण पाषाणाची ठेवण अशा सर्वेक्षणात उमटते, एवढे त्यात खरे आहे.

पण मॅग्नेटोमीटर लोखंड मोजत नाही, चुंबकीय क्षेत्र मोजतो. पृथ्वीचे क्षेत्र ठिकाणपरत्वे सुमारे २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचे एकक) असते आणि खडकांमुळे त्यात पडणारा फरक पुष्कळदा काही दहा किंवा काही शे नॅनोटेस्लाच भरतो. तो प्रामुख्याने मॅग्नेटाइट या तीव्र चुंबकीय लोहखनिजामुळे पडतो. म्हणून दोन-तीन टक्के मॅग्नेटाइट असलेला गॅब्रो हा साधा अग्निजन्य खडक नकाशावर ठसठशीत दिसतो आणि लोहाने गच्च भरलेले हेमेटाइट हे खनिज जेमतेम जाणवते.

‘निळे म्हणजे काहीच नाही’ हा त्याहून मोठा गैरसमज आहे. एकच खडक चुंबकीय ध्रुवाजवळ असेल तर त्याच्यावर क्षेत्राचा उंचवटा (नकाशात लाल) येतो, चुंबकीय विषुववृत्ताजवळ असेल तर खोलगा (निळा), आणि मधल्या अक्षांशांवर दोन्ही शेजारी-शेजारी. शिवाय पृथ्वीचे क्षेत्र आजच्या उलट असताना थंड झालेल्या बेसाल्टने ती दिशा धरून ठेवलेली असते, त्यामुळे भरपूर मॅग्नेटाइट असूनही तो निळा येऊ शकतो. यावर गणिती दुरुस्ती करतात खरी, पण खडकाचे चुंबकत्व आजच्या क्षेत्राच्याच दिशेचे आहे असे ती बहुधा गृहीत धरते. विषुववृत्ताजवळ तर ती नकाशावर उत्तर-दक्षिण रेघोट्या ओढून ठेवते, आणि त्यांना डाइक, म्हणजे भेगांत घुसून थिजलेल्या शिलारसाच्या भिंती, समजण्याचा मोह नवख्याला हमखास होतो.

खोलीचे म्हणाल, तर अरुंद, टोकदार विसंगतीचे (म्हणजे क्षेत्रातल्या अशा स्थानिक चढउताराचे) मूळ फार खोल असू शकत नाही, इतके ठामपणे सांगता येते. रुंद विसंगती मात्र खोलवरच्या खडकाची असेल किंवा कडांना निमुळत्या होत गेलेल्या उथळ थराची. दोन्ही मॉडेल मोजणीशी सारखीच जुळू शकतात.

राहिले ड्रिलिंग. १९७८ साली मेक्सिकोच्या युकातानजवळ तेलशोधासाठी केलेल्या हवाई चुंबकीय सर्वेक्षणात भूभौतिकशास्त्रज्ञ ग्लेन पेनफिल्ड यांना समुद्रतळाखाली एक प्रचंड कमान दिसली आणि गुरुत्वाकर्षणाच्या जुन्या नकाशाशी जोडल्यावर तिचे वर्तुळ झाले. तरीही ते चिक्शुलुबचे आघातविवर, म्हणजे अवकाशातून आलेला पाषाण आदळून पडलेला खड्डा, असल्याची बाजू १९९१ साली भक्कमपणे मांडता आली, ती जुन्या तेलविहिरींतल्या नमुन्यांत आघाताच्या खुणा असलेले क्वार्ट्झ सापडल्यावर. त्याच विहिरींत लागलेला वितळखडक (आघाताने वितळून पुन्हा थिजलेला खडक) त्याआधी ज्वालामुखीचा म्हणून नोंदवून मोकळे झाले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे.