मालकाचं उत्तर : खोदाई पहिल्या कोटेशनमध्येच होती

नमस्कार सर,

आपला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तळघराच्या भिंतीला आम्ही आतून वॉटरप्रूफिंगचं कोटिंग करूनही पुन्हा ओल आली, कपाटाची पाठ फुगली, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. ऐन पावसाळ्यात हा मनस्ताप काय असतो ते आम्ही रोज बघतो.

पण 'दोन महिन्यांत कोटिंग फुकट, आता खोदाईच्या नावाखाली आणखी पैसे उकळतायत' हे मात्र लागलं. 'आणखी' कुठून आलं? बाहेरून भिंतीलगत पायापर्यंत खोदून मेंब्रेन म्हणजे पाणी अडवणारा थर लावायचा, पाणी वाहून न्यायला बुडाशी खडीत छिद्रांचा पाइप टाकायचा, हे कोटेशनचं पहिलंच कलम होतं. 'पेव्हर ब्लॉक नुकतेच बसवलेत' म्हणून त्यावर आपणच पेनाने काट मारलीत. सहीसकट ती प्रत आमच्या फाइलला आहे.

तेव्हाही सांगितलं होतं, की आपलं घर तळजई टेकडीच्या उताराला, पाणी बाहेरून दाबणार. मातीत मीटरभर पाणी साचलं तर तळाशी चौरस मीटरला सुमारे एक टन दाब येतो. आतलं कोटिंग तो सोसतं, पण भिंत पाणी पीतच राहते आणि कोटिंग संपतं तिथून ते बाहेर पडतं. आपणच टाकलेला फोटो मोठा करून बघावा. पोपडे आणि पांढरे क्षार कोटिंग संपतं त्याच्या वरच्या पट्ट्यात आहेत, कोटिंगवर नाहीत.

आणि गच्चीचा पाइप? तो थेट त्याच भिंतीच्या बुडाशी सुटतो. 100 चौरस मीटर गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे 5000 लिटर पाणी. एक एल्बो (वळणाचा जोड) आणि थोडा पाइप जोडून ते पावसाळी गटारात सोडा, एवढंच म्हटलं होतं. पाइप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, आम्हाला त्यात दमडी सुटत नाही. ते राहिलं बाजूला, उलट भिंतीला टेकून मोगऱ्याचा वाफा आला, तोही प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, वर माती चढवून. रिव्ह्यूत याचा उल्लेख दिसला नाही.

तळघरातला कुबट वास कदाचित वेगळ्या कारणाने येत असेल. पावसाळ्यात खिडक्या उघड्या राहिल्या की दमट हवेचं पाणी गार भिंतीवर धरतं. प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस भिंतीवर ठेवा. भिंतीकडची बाजू ओली झाली तर झिरपणी, खोलीकडची झाली तर हवेतला दमटपणा.

सर, आमची कामं मे महिन्यात ठरतात आणि हल्ली लोक आधी रिव्ह्यू वाचतात. पाच कारागिरांची घरं यावर चालतात. रिव्ह्यूतला 'फसवे' हा शब्द तरी काढावा, ही विनंती.

पाऊस उघडला की वरचा पट्टा मजुरी न घेता करून देऊ, मात्र आधी पाइप वळवून घ्या आणि वाफा हलवा. फोन उचलला जात नाही म्हणालात, त्याचीही काहीतरी व्यवस्था करतो आहोत.