सनरूफच्या एक स्टारवाल्या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. सनरूफच्या (छताच्या सरकत्या काचेच्या) दुरुस्तीचे 6,500 घेतले, तीन दिवस सांगून आठ दिवस गाडी ठेवली, पंधरा दिवसांत काच परत बंद होता होता मागं जायला लागली आणि कसारा घाटात वहिनींच्या मांडीवर पाणी गळलं, असं लिहिलंय तुम्ही. आठ दिवसांचं मी काही बोलूच शकत नाही, ते खरंय, सॉरी. पण "फसवणूक" हा शब्द लागला राव, म्हणून इथंच सगळ्यांसमोर सांगतो.

गाडी 2012 ची. अंबडला आमच्याकडं आली तेव्हा काच तिरकी अडकलेली, डावी बाजू पुढं आणि उजवी मागं. छताचं आतलं लायनर उतरवलं तर उजव्या रेलमधला (काच ज्यावर सरकते त्या पट्टीतला) प्लास्टिकचा गुटका तुटलेला, करंगळीच्या नखाएवढा तुकडा, तो बिलाच्या पाकिटात टाकून दिला होता, बघा असेल अजून. काचेला दोन्ही बाजूंनी एकेक केबल असते आणि दोन्ही एकाच मोटरवर चालतात, त्यामुळं एका बाजूचा गुटका गेला की ती बाजू मागं राहते आणि काच वाकडी होऊन बसते. सुटा गुटका आम्हाला कुठंच मिळेना, नवीन अख्खी असेंब्ली टाकली असती तर बिल बघून तुम्ही गाडीच विकली असती, म्हणून कुर्ल्याहून जुन्या गाडीची रेल मागवली, त्यात पाच दिवस गेले. तुम्हाला विचारूनच मागवली आणि बिलावर "सेकंडहँड रेल" असं लिहिलंय.

आता काच मागं का जाते. आज सकाळी फोनवर तुम्हीच म्हणालात की मधे बॅटरी बदलली, दुसरीकडं. बदला की, त्यात काय, पण बऱ्याच गाड्यांत बॅटरी काढली की काच कुठं संपते हे मोटर विसरते, ते परत शिकवावं लागतं, आणि काचेला मधे जोर लागला की मोटरला वाटतं कुणाचा हात अडकलाय म्हणून ती उलटी फिरते. लेकरांची बोटं वाचावीत म्हणून ती सोय आहे, बिघाड नाही. स्विच दाबून धरून रीसेट करायचं, प्रत्येक मॉडेलची पद्धत वेगळी, दहा मिनिटांचं काम, पैसे नाही घेणार.

पाण्याचं मात्र आमच्याकडून चुकलं. लोकांना वाटतं रबर पाणी अडवतं. थोडंफार अडवतं, पण सनरूफ बनवलेलंच असं असतं की काचेच्या कडेनं थोडं पाणी आत येणार, खालच्या ट्रेमध्ये पडणार आणि चार कोपऱ्यांच्या नळ्यांतून गाडीखाली जाणार. पुढच्या नळ्या गाडीच्या समोरच्या मोठ्या काचेच्या बाजूच्या खांबातून खाली उतरतात. तुमची गाडी रोज गुलमोहराखाली असते ना, त्याची ती बारीक बारीक पानं ट्रेमध्ये पडून चहाच्या चोथ्यासारखी बसतात आणि नळी जाम होते. मग घाट उतरताना ब्रेक मारला की ट्रेमधलं सगळं पाणी पुढं येतं आणि छताच्या आतल्या लाईटच्या इथून खाली. डिलिव्हरीच्या आधी आमच्या पोरानं मगानं पाणी टाकून बघितलं होतं, डावीकडं हळू जातंय हे त्याला दिसलं पण काच नीट बंद होतेय म्हणून तो गप्प बसला आणि मीही विचारलं नाही. काच बंद होणं वेगळं आणि पाणी न गळणं वेगळं, हे तुम्हाला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.

कुणीतरी तुम्हाला सांगितलंय म्हणे की सिलिकॉन मारून कायमचं बंद करून टाका. नका करू. नळी जाम ती जामच राहते, त्यातून कुठं फट राहिली की पाणी आहे तिथंच, आणि उद्या रेलला हात घालायचा म्हटलं तर काच फोडूनच काढावी लागेल. नळीत कंप्रेसरची हवा पण कुणाला मारू देऊ नका, आतल्या आत नळी निसटली तर पाणी थेट कार्पेटखाली जातं आणि वास सुरू झाल्यावर कळतं. आम्ही पातळ नायलॉनची तार घालून काढतो. आणि रेलला साधं चेसिसचं ग्रीस नको, धूळ धरतं. (हे तुमच्यासाठी नाही पण बाकीचे वाचतायत म्हणून, वरातीत सनरूफमधून उभं राहून नाचताना काचेच्या कडेला धरून लोंबकळतात, त्यानंतरच्या आठवड्यात आमच्याकडं दोन गाड्या तरी येतातच.)

बुधवारी सकाळी दहाला या, चारही नळ्या साफ करून, रीसेट मारून, तुमच्यासमोर बादलीभर पाणी ओतून दाखवतो, वहिनींना पण आणा. कार्पेट ओलं असेल तर सीट काढून वाळवून देऊ, त्याचे पण पैसे नाहीत. फक्त तोवर गाडी गुलमोहराखाली लावू नका, आणि काच अर्धवट उघडी अडकलीच तर हातानं ओढू नका, फोन करा, मोटरला एलन की (षटकोनी चावी) लावून हातानं कशी बंद करायची ते सांगतो.