दोन रुपये आठ आणे, बोर्डिंग

दुपारपासून डोकं फिरलंय, त्यामुळं पोस्ट लांबणार. आत्ता वेळ नसेल तर रात्री वाचा, पण वाचा.

कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत पेपरची रद्दी घालायला गेलतो. माझ्या आधी काट्यावर सिमेंटचं एक पोतं होतं आणि त्याच्या फाटक्या बाजूनं लाल सुती कापडाचं टोक बाहेर आलेलं. रुमाल. ज्यांच्या घरात जुन्या कागदांचं दप्तर होतं त्यांना रुमाल म्हणजे काय हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो, कागद गुंडाळून बांधायचं कापड. पोतं सोडायला लावलं. आत तीन गठ्ठे, सगळं मोडी, म्हणजे मराठीची जुनी जोडाक्षरी लिपी. दोन कीर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या), गहाणखतं, एक वाटणीपत्र, आणि मिलिटरीतनं आलेली आठ-दहा पत्रं, सेन्सॉरचा शिक्का मारलेली. नऊ किलो भरलं. चौदा रुपयांनं १२६. एका घराच्या तीन पिढ्या १२६ रुपयांना.

रद्दीवाल्याला मी काही बोलणार नाही. त्या माणसानं उलट पोतं उघडून दिलं, मी २०० दिले तर वरचे परत केले, आणि म्हणाला, "भाऊ, महिन्यातनं एखादं असलं येतंयच. हे पुड्या बांधायला पण चालत न्हाई, थेट लगद्याला जातंय."

महिन्यातनं एखादं! ऐकताय का? हे आपलं गाव, जयंतीला चौकाचौकात फ्लेक्स लावणारं, इतिहासावरनं कुणी एक शब्द वाकडा बोलला तर रस्त्यावर उतरणारं, आणि त्याच गावातनं दर महिन्याला एक घर आपला इतिहास पोत्यात भरून काट्यावर ठेवतंय. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळलं तेव्हा आपण सगळे रडलो, मी पण रडलो, रस्त्यावर उभा राहून. ती आग सगळ्यांना दिसली. ही कुणाला दिसत नाही.

आजोबांच्या कीर्दीची गोष्ट इथं आधी लिहिली असेन. परत लिहितो, कारण दुपारपासून तीच डोक्यात आहे.

आजोबा शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. घरखर्चाची कीर्द पण दुकानासारखीच लिहायचे, रोजच्या रोज, मोडीत. ती वाचायची म्हणून मी चाळिशीत मोडी शिकलो, आठ महिने लागले. फसली १३५१ ते १३५५ च्या वह्या. (फसली म्हणजे जुनं महसुली साल, इसवी सन काढायला त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे १९४१ ते ४६. हे मुद्दाम सांगतोय, कारण मागं एका ग्रुपवर कुणीतरी फसली १३१८ चा कागद 'सातशे वर्षांपूर्वीचा' म्हणून टाकलेला आणि लोक हात जोडत होते. अहो तो १९०८ चा आहे!) तर त्या वह्यांत दर महिन्याला एक ओळ: बोर्डिंग २-८-०. दोन रुपये आठ आणे. नाव नाही, काही नाही. वडील म्हणायचे धाकट्या काकांचं असेल, पण काका कधी बोर्डिंगात राहिलेच नव्हते, ते घरातनंच शाळेला जायचे.

२०१७ ची दिवाळी. आत्ती माहेरी आलेली, कॉटवर बसून लसूण सोलत होती आणि मी सरावासाठी मोठ्यानं वाचत होतो. मीठ ०-१-०, घासलेट ०-३-०, बोर्डिंग २-८-०. आत्तीचा हात थांबला. म्हणाली, "ते त्या हमालाच्या पोराचं."

कुठला हमाल? तर अडतीवर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उतरताना एका हमालाच्या पाठीत भरलं, तो परत उठलाच नाही. त्याचा पोरगा हुशार होता, दसरा चौकातल्या एका बोर्डिंगात घातला, आणि त्याच्या जेवणाचे पैसे आजोबा भरायचे. घरात कुणाला सांगितलं नाही, आजीला तेवढं माहीत. पोरगा रविवारी आमच्याकडं जेवायला. आत्ती तेव्हा सहा-सात वर्षांची, ती वाढायची. "आबांनी बजावून ठेवलंतं," म्हणाली, "त्याच्या ताटातली भाकरी मोजायची न्हाई."

आणि मग मला लागलं ते. माझं कॉलेज होईपर्यंत दर दसऱ्याला एक म्हातारे मास्तर आमच्याकडं सोनं द्यायला यायचे. पांढरी टोपी, धोतर. आधी आजोबांच्या फोटोला सोनं, मग वडिलांना. आम्ही समजायचो कुणीतरी ओळखीचे. चहा द्यायचो आणि टीव्ही बघत बसायचो.

दोन रुपये आठ आणे.

आता माझं म्हणणं ऐका. वहीत फक्त आकडा होता. आणि आत्तीला मी वीस वेळा तरी विचारलं होतं, आत्ती जुनं काहीतरी सांग की. तिचं उत्तर ठरलेलं, "काय सांगायचं, गेलं ते." ती ओळ कानावर पडली नसती तर ती हे कधीच बोलली नसती. लपवत होती असं नाही, तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. आणि ती नसती तर मी ती ओळ शंभर वेळा वाचून पुढं गेलो असतो. कागद वाचणारा इकडं आणि म्हातारं माणूस तिकडं असं असून काही उपयोग नाही, दोघांना एका कॉटवर बसवायला लागतं, आणि म्हातारं माणूस जिवंत आहे तोपर्यंतच.

कागद सांभाळायला जागा आहे हो गावात. जुने सरकारी कागद ठेवणारं आपलं पुराभिलेखागार आहे. १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे. मोडीचे वर्ग भरतात. पण २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला लागल्यावर मोडी वाचणाऱ्याला किंमत आली, तेव्हा मला पण फोन यायचे, दिवसाला चार-चार, आणि नोंद सापडली की "झालं, बाकीचं राहू दे". मला लोकांच्या गरजेबद्दल काही म्हणायचं नाही, दाखला लागतो तर लागतो. पण त्याच पानावर खाली तुझ्या पणजीचं नाव आहे रे, ते तरी ऐकून जा!

चुलतभावानं एक सनद लॅमिनेट करून आणली. प्रेमानंच केलं त्यानं. पण ते प्लॅस्टिक आता निघत नाही, काढायला गेलं तर शाईसकट कागद येतो. कुणी करू नका. चिकटपट्टी पण नको. आपली जुनी माणसं रुमालात वेखंड नाहीतर कडुलिंबाचा पाला घालून ठेवायची, कसर लागू नये म्हणून, तेवढं केलं तरी पुष्कळ. २०१९ च्या पुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर पंचावन्न फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३), आमच्या माळ्यावरची ट्रंक वाचली, कॉटखालची भिजली. त्यातले कागद मी कडक उन्हात गच्चीवर टाकले आणि घाईनं काहींवर इस्त्री फिरवली. सावलीत, फॅनखाली, मध्ये कोरा पेपर घालून वाळवायचे असतात हे नंतर कळलं. बारा-तेरा पानं गेली. फसली १३५४ चं निम्मं साल माझ्या हातानं गेलं, हे मी विसरू शकत नाही. त्यात दहा-अकरा वेळा तरी बोर्डिंग असणार... नाही, निम्मं साल म्हणजे सहा वेळा. सहा वेळा.

म्हातारी माणसं चुकतात, मान्य. आत्ती संस्थान विलीन झालं ते साल कायम दोन वर्षं मागंपुढं सांगायची (१ मार्च १९४९ ला झालं). म्हणूनच तर कागद जवळ हवा. आणि सगळंच रेकॉर्ड करायचं नसतं हे पण मान्य. १९४८ ला गांधीहत्येनंतर गावात जाळपोळ झाली, ते तुम्ही वाचलं असेल. पण तेव्हा आमच्या गल्लीत कुणाच्या माळ्यावर कोण लपून बसलं होतं, ते सांगताना आत्तीनं फोन बंद करायला लावला. मी केला. ते इथं लिहिणार नाही.

बरं, दुपारचं राहिलं. एका पाकिटावर शिवाजी पेठेतला पत्ता होता. मी पोतं गाडीवर टाकलं आणि तडक गेलो. भांडायलाच गेलतो, खोटं कशाला सांगू. दार सुनबाईंनी उघडलं. मी पहिल्या वाक्यालाच आवाज चढवला. त्या ऐकून घेत होत्या आणि मागं अख्खं घर खोक्यांत भरलेलं. वाडा बिल्डरला दिलाय, पंधरा दिवसांत खाली करायचा, भाड्याच्या दोन खोल्यांत जायचं, पोराला दमा आणि त्या ट्रंकेतली धूळ. "दादा, आमच्यात कुणाला वाचता येत न्हाई ते. भाऊबंद म्हणत्यात जुने कागद ठिवू नका, कोर्टकचेरी हुतीया. कुणाला द्यायचं ते तरी तुम्ही सांगाचं." माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणजे उत्तर होतं, पण त्यांना ते आधी कोण सांगणार होतं? मी चार वर्षं फेसबुकवर लिहितोय आणि त्यांच्या गल्लीत एकदा पण गेलो नव्हतो. चहा घेतला. भांडण तिथंच संपलं.

आतल्या खोलीतनं आवाज आला, "कोण आलंय?" सासूबाई. पंचाण्णव वर्षं. बारा वर्षांच्या असताना लग्न होऊन ह्या वाड्यात आलेल्या. डोळ्यांनी कमी दिसतं, कान चांगले. मी पोतं कॉटजवळ नेलं आणि रुमाल त्यांच्या हातात दिला. त्यांनी कापड चाचपलं, गाठ चाचपली आणि म्हणाल्या, "मामंजींचं हाय." बघितलं नाही, नुसती गाठ.

मी त्यातलं मिलिटरीचं एक पत्र काढलं. दिराचं, पलटणीतनं, १९४४ चं. जागेचं नाव सेन्सॉरमुळं नाही, पण मराठा पलटणी तेव्हा इटलीत लढत होत्या, त्यामुळं तिकडचंच असेल असं मला वाटतंय. अक्षर फार घाईचं, अडखळत वाचलं: इकडे थंडी फार आहे. घोंगडे पाठवू नये, पोहोचत नाही.

आज्जी एकदम म्हणाल्या, "पाठवलंतं."

मी थांबलो.

"पाठवलंतं आम्ही घोंगडं. मामंजी सोता पोस्टात घिऊन गेलते."

सुनबाई दारात उभ्या होत्या. चाळीस वर्षं ह्या घरात आहेत, म्हणाल्या एक दीर मिलिटरीत होता हे पण आज कळलं. मी विचारलं, आज्जी, ते परत आले का? त्यांनी रुमालाची गाठ परत बांधायला घेतली, हातानं नीट जमत नव्हतं, आणि म्हणाल्या, आज नको, दमलोय मी, उद्या ये. मग म्हणाल्या, पुढचं वाचून ये, मी सांगतो.

दप्तर आत्ता माझ्या टेबलावर आहे, सुनबाईंना विचारून आणलंय. मी त्यांना १२६ द्यायला गेलतो, त्यांनी घेतले नाहीत, परत दिले. फॅन बारीक लावलाय. मधनं दोन्ही कीर्दी चाळल्या. जुनीत वैशाख शके १८४४ आहे का ते सगळ्यात आधी बघितलं, कोल्हापूरचा माणूस दुसरं काय बघणार, ६ मे १९२२ ला शाहू महाराज गेले. आहे. त्या सुमाराचे दोन दिवस कोरे सोडलेत, वर नुसतं श्री. तिसऱ्या दिवशी तेल आणि मीठ.

उद्या चार वाजता जातोय. पत्रं एकूण नऊ आहेत, घोंगड्याचं तिसरं. शेवटच्या तीन पत्रांतलं अक्षर मला लागत नाहीये, शाई पण उडालीय. ज्यांचा मोडीचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे त्यांनी आज रात्रीच इनबॉक्सला या, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, साधा पाठवला की अक्षर फुटतं. चारच्या आत मला ती वाचून हवीत. आज्जींनी येताना तपकिरीची पुडी आणायला सांगितलीय, ती घेतलीय.