क्रॉनिक म्हणजे गंभीर नव्हे

रिपोर्टवर 'क्रॉनिक' छापलेलं दिसलं की घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरतात. 'म्हणजे फारच वाढलंय का?' हा पहिला प्रश्न. या गैरसमजाचा मला मनापासून त्रास होतो, कारण त्यापायी माणसं नको तिथे घाबरतात आणि जपायला हवं तिथे गाफील राहतात.

हा शब्द आजाराचं वय सांगतो, जोर नाही. मूळ ग्रीक 'क्रोनोस', म्हणजे काळ. याच्या समोरचा शब्द 'अ‍ॅक्यूट', अचानक उद्भवलेला. दोन दिवसांची सर्दी अ‍ॅक्यूट आणि हार्ट अटॅकही अ‍ॅक्यूटच! वर्षानुवर्षं सकाळी शिंका आणणारी अ‍ॅलर्जी मात्र क्रॉनिक.

किती काळ टिकलं की क्रॉनिक म्हणायचं, हे आजारागणिक बदलतं. मोठ्या माणसाचा खोकला 8 आठवडे उलटल्यावर, हेपॅटायटिस बी 6 महिन्यांनंतर, अंगदुखी 3 महिन्यांहून जास्त राहिली किंवा परत परत उद्भवली तर. किडनीच्या बाबतीत तर हे नीट समजून घ्यायलाच हवं. बिघाड किमान 3 महिने राहिला असेल तरच 'क्रॉनिक किडनी डिसीज' म्हणतात आणि त्याच्या 5 स्टेज असतात. पहिल्या स्टेजमधला माणूस डायलिसिसच्या धास्तीने रात्र रात्र जागतो, कारण त्याने फक्त 'क्रॉनिक' वाचलेलं असतं. बिघाड किती, हे स्टेज सांगते. तिकडे कुणी त्याचं लक्षच वेधलेलं नसतं.

'कधीच बरा न होणारा' हाही अर्थ त्यात नाही. क्रॉनिक हेपॅटायटिस सी आज साधारण 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो.

उलट बाजूची चूक दम्यात दिसते. धाप थांबली की रोजचा पंप बंद! श्वासनलिकांची सूज मात्र आत तशीच असते. आजार क्रॉनिक आहे म्हणजे त्रास नसलेल्या दिवशीही तो आहे, एवढं समजलं असतं तर तो पंप बाजूला पडला नसता.

आणि कृपा करून मराठीत याला 'तीव्र' लिहू नका, तो जोर दाखवणारा शब्द आहे. 'जुनाट' किंवा 'दीर्घकालीन' म्हणा. डॉक्टरांनीही रिपोर्ट हातात देताना 'हे जुनं आहे, पण आत्ता इतपतच आहे' एवढं एक वाक्य बोलावं. त्यांनी नाही सांगितलं, तर उठण्याआधी आपण विचारावं.