पाचला मी उठतेच, भाऊजी

आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज गेल्या आठवड्यात पुन्हा आला. तुमच्याकडेही फिरून गेला असेलच. उगवत्या सूर्याचा फोटो आणि त्यावर पिवळ्या अक्षरांत मजकूर: वेळ नाही ही निव्वळ सबब आहे, देवाने सगळ्यांना २४ तासच दिलेत. पहाटे ५ ला उठा. सलग एक तास व्यायाम करा, त्याहून कमी म्हणजे स्वतःची फसवणूक. रोज १०,००० पावलं चाला. २१ दिवसांत सवय लागते, पण एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

यावेळी पाठवणारे माझे थोरले दीर होते. भाऊजी निवृत्त आहेत, रोज सकाळी फिरून येतात, तब्येत ठणठणीत ठेवून आहेत. मेसेजमागे काळजीच होती, त्याबद्दल शंका नाही. पण ‘सबब’ हा शब्द झोंबला. म्हणून रविवारी दुपारी भांडी तशीच ठेवून एकेक वाक्य घेऊन बसले.

‘सगळ्यांना २४ तासच मिळतात’

घड्याळात मिळतात. हातात किती उरतात ते बघू. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४, अर्ध्या अर्ध्या तासाने, माणूस काय करत होता याची नोंद. त्यात आपल्याच घरचं काम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी निघाली २९९ मिनिटं आणि पुरुषाची ९७. यात एक मेख आहे. ही ९७ मिनिटं फक्त त्या पुरुषांची, ज्यांनी त्या दिवशी घरातलं काही केलं. असे पुरुष शंभरात २६ होते. बायका ८१.

आता वजाबाकी करा. फरक २०२ मिनिटांचा, आणि तो रोजचा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम सांगते. म्हणजे एका दिवसाच्या फरकात अख्ख्या आठवड्याचा व्यायाम बसतो, वर ५२ मिनिटं उरतात. मग २४ तास सारखे कसे?

एक कबुली मात्र द्यायला हवी, नाहीतर मीच लबाड ठरेन. मोबाइल मला दर रविवारी सांगतो की मी स्क्रीनवर किती वेळ होते. रात्री दहानंतर रील्स बघण्यात माझा रोज पाऊण तासाच्या आसपास वेळ जातो. भाऊजींनी हे दाखवलं असतं तर मी गप्प बसले असते. पण त्या वेळी अंगात बैठका काढण्याचं त्राण नसतं. आणि दिवसभरात तेवढ्याच वेळात मला कुणी काही मागत नाही. हा पाऊण तास आहे, हे मान्य. त्याला ‘मोकळा वेळ’ म्हणणारा डोंबिवलीहून फोर्टला रोज लोकलने गेलेला नसावा.

‘पहाटे ५ ला उठा’

उठते की. आमच्या नळाला पाणी सव्वापाचला येतं आणि सहाच्या सुमाराला जातं. त्या पाऊण तासात पिंप, दोन बादल्या, पिण्याची कळशी, मशीनला लावायचे कपडे. मधेच कणीक मळायची, कारण तीन डबे निघायचे असतात. व्यायामासाठी खरोखर पहाट हवी असेल तर मला चारला उठावं लागेल. झोपायला साडेअकरा होतात. प्रौढांना निदान ७ तास झोप लागते असं झोपेवर काम करणारे डॉक्टर सांगतात. माझी आधीच साडेपाच होते, ती साडेचार करून कोणतं आरोग्य कमवायचं?

पहाटेच्या व्यायामात वाईट काही नाही. ज्याला त्या वेळी कुणी हाक मारत नाही त्याने अवश्य करावा.

‘सलग एक तास, त्याहून कमी म्हणजे फसवणूक’

अख्ख्या मेसेजमध्ये सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलंय. तास मिळत नाही, मग अर्धवट कशाला, असं म्हणत माझी सहा वर्षं गेली. जिमचे वर्षाचे पैसे एकदा भरले होते. अकरा वेळा गेले.

पूर्वी तज्ज्ञांचीही अशी एक अट होती, इतकी कडक नसली तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या सूचनांमध्ये हालचाल सलग १० मिनिटांची असेल तरच धरायची, असं होतं. २०२० च्या नव्या सूचनांतून ती अट काढून टाकली. आता हिशेब आठवड्याचा आहे: मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटं किंवा जोरदार श्रमाची ७५ ते १५०, शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताण पडेल असं काहीतरी. मिनिटं कशी जमवायची ते ज्याचं त्याने बघावं. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. जोरदार म्हणजे दोन-चार शब्दांनंतर दम घ्यावा लागतो. यंत्र नको, घड्याळ नको.

व्यायामाचा नि हृदयाचा संबंध दाखवणारा जो जुना, गाजलेला अभ्यास आहे, त्यातही कुणी जिममध्ये गेलं नव्हतं. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. एकच बस, एकच शहर, तोच धूर. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर तिकिटं फाडत जिना चढतोय-उतरतोय. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. पुढे मॉरिसनीच गणवेशांची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हर मंडळींची कंबर आधीपासूनच जास्त असल्याचं दिसलं. म्हणजे सगळंच श्रेय जिन्याला देता येत नाही, आणि हे त्यांनी स्वतःच शोधून छापलं. मला हा माणूस त्यासाठीच आवडतो. (आपल्या मुंबईतली शेवटची डिझेल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली, तेव्हा मला तिच्या कंडक्टरांची आठवण झाली होती. त्या वळणाच्या जिन्यावर एका हाताने दांडा धरून काय चपळाईने चढायचे!)

अलीकडचा दाखला २०२२ चा. ब्रिटनमध्ये ‘आम्ही फावल्या वेळात काहीच व्यायाम करत नाही’ असं सांगणाऱ्या २५ हजारांवर लोकांच्या मनगटावर यंत्र बांधून हालचाल मोजली आणि पुढची सुमारे सात वर्षं त्यांचं काय झालं ते पाहिलं. त्यातले काही जण रोजच्या कामातच दिवसातून तीनेक वेळा, दर वेळी मिनिट-दोन मिनिटं, दम लागेपर्यंत काहीतरी करत होते: बस पकडायला धावणं, भराभर जिना चढणं, जड पिशव्या उचलून चालणं. असं अजिबात न करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ३८ ते ४० टक्के कमी दिसलं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. जो धावू शकतो तो मुळातच धडधाकट असणार, ही शंका त्यात उरते, म्हणून ‘तीन मिनिटांत आयुष्य वाढवा’ असा नवा मेसेज कृपा करून बनवू नका. पण कमी म्हणजे फसवणूक, हे विधान यानंतर टिकत नाही.

माझं प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगते. मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळचा कुकर. वरण-भात लावला की तीन शिट्ट्या व्हायला आमच्याकडे दहा-बारा मिनिटं लागतात. पहिली शिट्टी होईपर्यंत बैठका, बारा-बारा अशा दोनदा. सुरुवातीला गुडघे कटकट वाजायचे, म्हणून स्टुलावर टेकून उठायचे. आता स्टूल लागत नाही. दुसरीपर्यंत ओट्याच्या कडेला हात टेकून तिरके जोर. ओट्याची कड आधी फडक्याने कोरडी करून घ्यायची. एकदा ओल्या कडेवरून हात सटकला, हनुवटी थोडक्यात वाचली. तिसरीपर्यंत टाचा उचलून चवड्यांवर, एका हाताने खिडकीचा गज धरून. शिट्टी झाली की गॅस बंद आणि व्यायामही बंद. मुलगा हसतो. त्याने दोनदा व्हिडिओ काढलाय, तो ग्रुपवर येणार नाही अशी त्याने शपथ घेतली आहे.

‘रोज १०,००० पावलं’

हा आकडा कुठल्या इस्पितळातून आलेला नाही. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिंपिक झालं, लोकांमध्ये व्यायामाची हवा होती, आणि १९६५ मध्ये यामासा नावाच्या जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. छान गोल आकडा, लक्षात राहणारा. विकायला उत्तम.

मोजून पाहिलं तेव्हा काय दिसलं? २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १६,७४१ वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी होतं. साडेसात हजारांपर्यंत फायदा वाढत गेला, पुढे रेषा सपाट झाली. तरुणांना हेच आकडे लागू होतील असं नाही. पण माझ्या सासूबाई भाऊजींचा मेसेज वाचून पावलं पूर्ण करायला रात्री हॉलमध्ये सोफ्याभोवती फेऱ्या मारत होत्या, त्यांचं वय ७४. त्यांना मी एवढंच सांगितलं की आई, तुमचं सकाळीच झालंय, बसा आता.

‘२१ दिवसांत सवय, एक चुकला की पहिल्यापासून’

मॅक्सवेल माल्ट्झ हे अमेरिकन प्लॅस्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याची पेशंटला सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात, असं त्यांना दिसलं आणि १९६० च्या पुस्तकात त्यांनी ते लिहिलं. ‘कमीत कमी’ वाटेत गळून पडलं, आणि नाक बदलल्याची गोष्ट बैठकांना चिकटली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर हे तपासलं. एखादी गोष्ट आपसूक व्हायला लागायला साधारण ६६ दिवस लागले; कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. पाणी पिण्यासारखी सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. आणि मेसेजवाल्याने नीट वाचावं: मधे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात काही मोठा फरक पडला नाही. ‘पहिल्यापासून’ ही शिक्षा कुणीतरी मनाने घातलेली आहे. घरात कुणी आजारी पडलं, पाळीचे पहिले दोन दिवस, मार्चअखेरचं ऑफिस, यात माझे चार-चार दिवस जातात. आधी मी तिथेच सोडून द्यायचे.

‘घरकाम हाच व्यायाम’

हे मेसेजमध्ये नव्हतं. खाली आमच्या मावशींनी लिहिलं: “आम्ही कुठे गेलो होतो जिमला? घरकाम हाच बाईचा व्यायाम.” त्यावर धडाधड अंगठे पडले. हे माझ्या बाजूचं वाटतं, पण मला ते भाऊजींच्या मेसेजपेक्षा जास्त खटकलं.

मावशींच्या तरुणपणी ते बऱ्याच अंशी खरं होतं. विहिरीचं पाणी शेंदणं, पाट्यावर वाटणं, जात्यावर दळणं, यांत दम लागायचा. आजही उकिडवं बसून फरशी पुसली, भरल्या बादल्या जिन्याने नेल्या तर ते नक्की धरावं. पण ओट्याशी दोन तास उभं राहून कंबर मोडते, छातीचे ठोके फारसे वाढत नाहीत. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०२२ साली भारतातल्या ५७ टक्के स्त्रियांची हालचाल अपुरी होती, पुरुषांमध्ये ४२ टक्के. या हिशेबात घरकाम, नोकरीतलं काम, येणं-जाणं सगळं धरलेलं असतं. २९९ मिनिटं राबूनही बायकाच मागे. आणि घरकामाला व्यायाम म्हटलं की ते वाटून घ्यायचं कारणच उरत नाही, सगळे अंगठे दाखवून मोकळे.

आमच्याकडे जूनपासून मंगळवारी नि शुक्रवारी पहाटेचं पाणी नवरा भरतो. पहिल्या आठवड्यात पिंप वाहून गेलं, खालच्या मजल्यावरून तक्रार आली. त्या दोन दिवशी मी सहापर्यंत झोपते, म्हणून संध्याकाळी कुकरपाशी उभं राहायचं त्राण उरतं. बाकी हिशेब असा: सीएसएमटीवरून ऑफिस, शेअर टॅक्सी सोडून झपाझप चालत १२ मिनिटं. जाऊन-येऊन २४, पाच दिवसांची १२०. रविवारी मैत्रिणीबरोबर मैदानावर ४०. झाली १६०. पावसात शंभरही होत नाहीत.

हे सगळं जरा सौम्य करून मी ग्रुपवर टाकलं. भाऊजींनी शेवटपर्यंत वाचलं असावं, कारण रात्री त्यांचं उत्तर आलं: “पाणी दिवसा येत नाही का तुमच्याकडे?”

नाही येत, भाऊजी.