तळेगाव कुणी जाळलं?

जानेवारी आला की आमच्या मावळात १७७९ च्या लढाईची भाषणं सुरू होतात. वडगावात महादजी शिंद्यांच्या पुतळ्याला हार पडतात, इंग्रज कसे शरण आले ते सांगताना वक्त्याचा आवाज चढतो. चढू दे. अभिमान मलाही आहे. पण ही लढाई आपण अर्धीच सांगतो.

राघोबादादांना पुण्याची सत्ता मिळवून द्यायला मुंबईकर इंग्रजांची जेमतेम चार हजारांची फौज बोरघाट चढून आली. सोबत १९ हजार बैल! घाटमाथ्यावरून कार्ल्याला पोचायलाच त्यांना ११ दिवस लागले. मराठे समोर उभे राहून लढत नव्हते. मागेमागे सरत होते, बाजूने टोचत होते. ४ जानेवारीला कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला. ९ तारखेला फौज तळेगावला आली, तर गाव जळालेलं. दाणा नाही, वैरण नाही. पुढे चिंचवडही जाळायची तयारी आहे, वेळ आली तर पुणंसुद्धा, अशा बातम्या त्यांच्या कानावर गेल्या आणि साहेबांचा धीर सुटला. ११ तारखेच्या रात्री अवजड तोफा तळ्यात ढकलून ते माघारी निघाले. वडगावात कोंडले गेले आणि १६ जानेवारीला तह करून सुटले.

तो तह मुंबईकरांनी आणि कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जने नंतर धुडकावला. युद्ध संपलं ते १७८२ च्या सालबाईच्या तहाने. हे भाषणात सहसा येत नाही.

माझं दुखणं मात्र वेगळंच आहे. इंग्रजांची कोंडी तलवारीइतकीच त्या जळालेल्या गावाने केली. ते आपल्याच माणसांनी पेटवलं होतं. भर जानेवारीत, खरिपाचा दाणा नुकताच घरात आलेला असताना घर सोडून निघालेली कुटुंबं कुठे गेली? त्यांना कुणी विचारलं होतं का? फौजेच्या हुकमापुढे कुणब्याला कोण विचारतंय म्हणा.

गंमत म्हणजे मेलेल्या शत्रूची आठवण मावळाने जपली. स्टुअर्टला लोक इष्टुर फाकडा म्हणतात, वडगावात त्याचं थडगं आहे, तिथे भक्तिभावाने माथा टेकणारेही आहेत. यात मला काही गैर वाटत नाही, उलट दिलदारीच वाटते. सेनापतीला पुतळा आहे, शत्रूला थडगं आहे, आणि ज्यांची घरं गेली त्यांच्या नावाचा साधा फलकही माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून वडगाव-तळेगावच्या मंडळींना एक सुचवतो. यंदा मिरवणुकीच्या खर्चातून थोडे पैसे बाजूला काढा आणि तळेगावच्या तळ्याकाठी एक फलक लावा. गाव का जाळलं, कुणासाठी जाळलं, एवढं चार ओळींत लिहा. खाली देणगीदारांची यादी नको. पुढाऱ्यांचे फोटो तर अजिबात नकोत.